सासूबाईंची डावी किडनी

माझ्या सासूबाईंनी दिलेल्या वस्तूबद्दल कुणी आभार मानले, की ती वस्तू परत जायची. हे मी गमतीनं लिहीत नाही. शेजारणीला त्यांनी एकदा परसातला दुधी दिला. शेजारीण भली बाई. ती म्हणाली, "म्हातारे, तुजं मन किती मोठं गो! उपकार झाले." सासूबाई तिथून निघाल्या. घरी आल्या, डोक्यावरचा हंडा उतरवला आणि पुन्हा तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"दुधी दे."

"अगो, अर्धा चिरला मी."

"ऱ्हायलाय तो दे. भाजीला दिला होता तुला, उपकाराला नाय दिला."

आणि अर्धा दुधी काखेत मारून परत आल्या. त्या दिवशी दोन्ही घरांत दुधीचीच भाजी झाली. दुसऱ्या दिवशी दोघी बोलत बोलत ओढ्यावर धुणं घेऊन गेल्या, जसं काही झालंच नव्हतं.

अशा बाईनं मला स्वतःची किडनी दिली. म्हणजे माझी पंचाईत बघा. आभार मानावेत तर भीती, न मानावेत तर मन खात राहणार. मी वर्षानुवर्षं गप्प राहिले. आता त्या नाहीत. गेल्या साली भाताची मळणी उरकल्यावर त्या पाय सोडून ओट्यावर बसल्या आणि बसल्या बसल्याच गेल्या. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. उरलेली किडनी शेवटपर्यंत ठणठणीत होती. तरी गावातल्या दोन-चार तोंडांनी म्हटलंच, "सुनेला दिली, म्हणून लवकर गेली." मी मुळातच कमी बोलणारी. तेव्हाही काही बोलले नाही. आता परत मागायला कुणी येणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं घर वैशाखऱ्याला, मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. सासूबाई अंगानं लहानखुऱ्या, पण त्यांचा आवाज रस्त्याच्या पलीकडच्या शेतात गेलेल्या माणसाला माघारी आणायचा. त्या एसटी कधी थांब्यावर पकडत नसत. मनाला येईल तिथं हात आडवा करून उभ्या राहायच्या. कंडक्टर ओरडायचा, "म्हातारे, थांबा तिकडं हाय!" त्या पायरी चढता चढता म्हणायच्या, "तो तुजा थांबा. माजा हितं हाय."

सासऱ्यांना मी पाहिलं नाही. माझ्या लग्नाआधीच ते गेले होते. पण त्यांचा फोटो माजघरात होता, आणि फोटोतसुद्धा ते कुणावर तरी ओरडून नुकतेच थांबल्यासारखे दिसायचे. त्यांच्या हयातीत सासूबाई कधी ओट्यावर बसल्या नव्हत्या, असं माझे पती सांगतात. ते गेल्यावर वर्षभरानं त्या ओट्यावर बसल्या त्या कायमच्याच. पण त्यांनी एक पद्धत ठेवली होती. सासऱ्यांना आवडलं नसतं असं काही करायचं असलं, की त्या आधी जाऊन फोटो भिंतीकडे फिरवायच्या. बैलजोडी विकून भात मळायचं यंत्र घेतलं तेव्हा फोटो फिरवला. पोटच्या मुलीनं किन्हवलीचं स्थळ स्वतः पसंत केलं तेव्हा फिरवला. "त्याला कशाला दाखवायचं? उगाच जीव खालवर करील." काम झालं की फोटो पुन्हा सरळ. आमच्या घरात काही मोठं घडणार असेल, तर सगळ्यांना आधी सासऱ्यांची पाठ दिसायची.

दुसरं वेड पाण्याचं. घरामागच्या विहिरीसारखं पाणी अख्ख्या तालुक्यात नाही, हे त्यांचं ठाम मत. कुणाच्या लग्नाला गेल्या तरी बाटलीत आपलं पाणी घेऊन जायच्या. यजमानानं आग्रहानं पेला पुढे केला, तर एक घोट घेऊन निकाल द्यायच्या. "टाकीचा वास येतो." "लोखंड हाय याच्यात." किन्हवलीला मुलीच्या सासरी तर व्याह्यांच्या तोंडावर म्हणाल्या, "पाणी बरंय तुमचं. भांडी घासायला." व्याही त्यानंतर दोन वर्षं आमच्याकडे आले नाहीत.

मी आटगावची. आमचं घर स्टेशनच्या बाजूचं, वडील नोकरीला. घरात तांदूळ गोणीतून यायचा. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात मला लावणीला उभं केलं तेव्हा रोप चिखलात किती दाबायचं, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. सासूबाई बांधावरून ओरडल्या, "आटगावची, भात लावतेस का पेटीत पत्रं टाकतेस?" सगळ्या बायका कमरेत वाकलेल्या होत्या, त्या तशाच हसल्या. तेव्हापासून माझं नाव आटगावचीच. दोन मुलगे झाले, ते मोठे झाले, तरी आटगावचीच. मला त्यांचा राग यायचा. कितीतरी वर्षांनी त्याच दुधीवाल्या शेजारणीनं सांगितलं, की त्या साली मी लावलेला पट्टा सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन पुन्हा सगळा लावला होता, आणि गावभर सांगत फिरल्या होत्या, "माज्या सुनेनं हात लावला का उगवतंच."

चाळिशी ओलांडली आणि माझे पाय सुजायला लागले. अन्नाचा वास नको वाटायचा. मुरबाडच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि यंत्र बिघडलंय असं वाटून दुसरं आणवलं. यंत्र बरोबर होतं. रक्त तपासलं. दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या. मग कल्याणला डायलिसिस सुरू झालं, एक दिवसाआड.

पाणी मोजून प्यायचं होतं. सासूबाईंना हे फार लागलं. आपल्या विहिरीच्या पाण्याचा एवढा अभिमान, आणि सुनेला ते वाटीनं द्यायचं! वाटी भरून माझ्यापुढे ठेवायच्या आणि दुसरीकडे बघायच्या. त्यांना स्वतःला तहान लागली तर माझ्यासमोर कधी प्यायल्या नाहीत. घरामागे जाऊन, विहिरीच्या कठड्याशी उभं राहून पिऊन यायच्या. मी खिडकीतून बघायचे. डायलिसिससाठी माझ्या हातातली शीर धमनीला जोडली होती, तिथं सारखी घरघर चालायची. त्यावर हात ठेवून म्हणायच्या, "जात्यासारखं घुमतंय. दळतंय तर चांगलं, दळू दे." बस्स, याच्या पुढे मायेचं बोलणं नाही.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात किडनी बसवायचं ठरलं. माझ्या आईला मधुमेह, वडील नाहीत, भावाचा रक्तगट जुळला नाही. माझ्या पतींचा जुळला. ते खूश. गावात सांगून टाकलं त्यांनी, "मीच देतोय." मग शेवटची एक तपासणी झाली, माझं रक्त आणि त्यांच्या पेशी एकत्र ठेवून बघायची. तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना आत बोलावलं. सासूबाई बोलावलेलं नसताना आल्या होत्या.

"तुमची किडनी यांना चालणार नाही," डॉक्टरबाई माझ्या पतींना म्हणाल्या. "यांच्या रक्तात तुमच्याविरुद्ध लढणारे घटक तयार झालेले आहेत."

"माज्याविरुद्ध? मी काय केलंय?"

"तुम्ही काही केलेलं नाही. मूल पोटात असतं तेव्हा त्यातलं अर्धं आईचं असतं, अर्धं बापाचं. त्या बापाच्या अर्ध्याची आईच्या रक्ताला ओळख होते. काही बायकांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध पहारा तयार होतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. मुलाला काही होत नाही, आईलाही कळत नाही. पण पुढे त्याच नवऱ्याची किडनी आली, की रक्त तिला ओळखतं आणि हाकलून लावतं."

माझे पती माझ्याकडे बघायला लागले. वीस वर्षं एका ताटात जेवलेली बाई आपल्या नकळत आपल्याशी भांडत होती, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाईंनी विचारलं, "आणि बायकोनं नवऱ्याला दिली तर?"

"तिथं ही अडचण नसते. पुरुषाला कुठं बाळंतपण असतं?"

"बरोबर. बायकोचं सगळंच चालतं."

डॉक्टरबाई हसल्या आणि खुर्ची ओढून नीट समजावून सांगायला लागल्या. बाईच्या शरीराची राखण एकूणच पुरुषापेक्षा थोडी कडक असते. पुरुषाच्या पेशींवर पुरुषपणाची एक खूण असते, ती बाईच्या शरीराला परकी. मुलगे झालेल्या बाईला तर ती आधीच माहीत झालेली असू शकते. उलट बाईची किडनी पुरुषाला दिली, तर ती कधी कधी आकारानं लहान पडते, मोठ्या अंगाचं काम तिला ओढावं लागतं. "पण हे थोडं जास्त, थोडं कमी, असं असतं हं आजी," त्या म्हणाल्या. "म्हणून देऊच नये असं नाही. आम्ही रोज बसवतो, आणि बहुतेक चालतात. तुमच्या सुनेच्या बाबतीत मात्र पहारा फारच जागा आहे. रक्त धुऊन, औषधं देऊन प्रयत्न करता येतो, पण धोका मोठा. आधी घरात दुसरं कुणी आहे का बघू."

सासूबाई बाहेर आल्या त्या आमच्याजवळ बसल्याच नाहीत. बाकांवर जितकी माणसं होती, तितक्यांना विचारत सुटल्या, कोण देतंय, कोणाला देतंय. अर्ध्या तासानं परत आल्या. "एक बाप पोरीला देतोय. बाकी सगळीकडं देणारी बाई आन घेणारा बाप्या. आई पोराला, बायको नवऱ्याला, बहीण भावाला." मग लुगड्याचा पदर खोचत म्हणाल्या, "बाईनं बाईला दिलेली एक पण नाय गो." आणि उठून सरळ डॉक्टरबाईंच्या दारात. "माजी बघा."

डॉक्टरबाईंनी आधी वय विचारलं. साठीच्या पुढचं आहे म्हटल्यावर जरा थबकल्या. मग म्हणाल्या, "आजी, तुमच्या मुलात अर्धा भाग तुमचाच आहे. सुनेच्या रक्ताचा पहारा त्याच भागावर असेल, तर तुमचीही चालणार नाही."

"आन अर्धा कुणाचा?"

"त्याच्या वडिलांचा."

"मंग बघाच," सासूबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी फोटो भिंतीकडे फिरवला. किन्हवलीहून नणंद धावत आली. दारातूनच रडायला लागली. "आई, या वयात पोट फाडून घेतेस? तिच्या माहेरची माणसं काय मेली का?" सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "तुला लागली तर तुला देईन. आता एकच शिल्लक ऱ्हाईल, ती राखून ठेवते तुज्यासाठी. जा, चहा टाक." नणंद रडता रडता चहा टाकायला गेली. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. आई तिची होती.

तपासण्या महिनाभर चालल्या. सासूबाईंचा रक्तगट जुळला; हृदय, फुप्फुस, साखर, सगळं ठीक. एक दिवस डॉक्टरबाईंनी फोन केला. पहारा होता तो सगळा सासऱ्यांकडून आलेल्या भागावर होता. सासूबाईंच्या भागाला माझं रक्त काहीच म्हणत नव्हतं.

मी त्यांना तेवढं आनंदलेलं पुढे कधी पाहिलं नाही. नातवाच्या लग्नात नाही, कशात नाही. ओट्यावरून रस्त्यावर उतरून, जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून सांगत होत्या, "म्हाताऱ्याचा भाग नडला! माजा नाय! डॉक्टरनं मशिनीवर बघितलंय!" दुधीवाली शेजारीण म्हणाली, "अगो, मेलेल्या माणसाला कशाला बोल लावतेस?" तर म्हणाल्या, "बोल नाय लावत. जिवंतपणी आडवा यायचा, मेल्यावर पण आला, एवढंच सांगते." मग आत गेल्या आणि फोटो सरळ केला. त्या दिवशी मी पहिल्यांदा बघितलं, त्या फोटोसमोर मान ताठ करून उभ्या होत्या.

आणि आता ते सांगते, जे मी माझ्या पतींनाही सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी मी चुलीपाशी बसले होते. सासूबाई आत आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "आटगावची, माजी जमतेय. घेतेस ना?"

आमच्याकडे कुणी भाताचा दुसरा चमचा वाढायला आलं, तरी नको नको म्हणत ताटावर हात आडवा धरायची रीत आहे. भूक असली तरी धरायचा. वाढणाऱ्यानं आग्रह करायचा, मग घ्यायचं. मी भाताला, भाजीला, साडीला, सगळ्याला आयुष्यभर नको म्हणत आले. त्या दिवशी म्हटलं नाही. एकदासुद्धा नाही. "आई, तुमचं वय, तुमच्या जिवाला काही झालं तर," असलं एक वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. मी म्हटलं, "घेते." इतक्या पटकन म्हटलं, की माझं मलाच ऐकू आलं. सासूबाई मान हलवून बाहेर गेल्या. मी तिथंच बसून राहिले. म्हातारीच्या जिवापेक्षा मला माझा जीव प्यारा निघाला, हे मला तेव्हा कळलं, आणि ते आतून खुपत राहिलं.

सासूनं सुनेला द्यायची म्हणजे कायद्यानं समितीची परवानगी लागते, कारण सासू जवळच्या नात्यातली धरत नाहीत. मोठ्या टेबलापलीकडे पाच-सहा जण बसले होते. आम्हाला वेगवेगळं विचारणार होते, पण सासूबाईंचा आवाज दाराबाहेर स्पष्ट येत होता.

"आजी, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"माज्यावर?" आणि मोठ्यानं हसण्याचा आवाज.

"म्हणजे मुलानं, सुनेनं काही..."

"साहेब, सून माज्यापुढं तोंड उघडत नाय. पोरगा उघडतो आन मी ते बंद करते."

"मग सुनेला का देताय?"

"पोराला लागली असती तर मला असं बसवून विचारलं असतं का तुमी? म्हणाला असता, आई हाय, देणारच. सुनेला देते तर चौकशी!"

मग कुणीतरी जरा नरम आवाजात म्हणालं, विचारणं आमचं काम आहे आजी, बळजबरी होत असते बायकांवर. त्यावर सासूबाईही नरमल्या. "ते खरं हाय. विचारा तुमी. सगळ्यांना विचारा. पोराला देणाऱ्या आईला पण विचारत जा."

नात्याचा पुरावा म्हणून आम्ही लग्नातले फोटो नेले होते. एकानं विचारलं, यातल्या तुम्ही कोणत्या. त्या म्हणाल्या, "ही बघा, एकटी हसत नाय ती. सासूच हाय मी."

परवानगी मिळाली.

ऑपरेशन झालं. त्यांची डावी किडनी काढली आणि माझ्या पोटात उजवीकडे खाली बसवली. मी शुद्धीवर आल्यावर सिस्टरनं सांगितलं, टेबलावरच लघवी सुरू झाली. मी सांगते, त्या शब्दाची मला कधी लाज वाटली नाही. सासूबाई तिसऱ्या दिवशी पोटाला पट्टा बांधून, भिंतीला धरत माझ्या खोलीच्या काचेशी आल्या. काचेतून नळीला लावलेली पिशवी बघितली, भरली होती. मागे वळून माझ्या पतींना म्हणाल्या, "बघ. विहीर."

सासूबाईंना आधी घरी सोडलं; आठव्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी दवाखान्यात पतींच्या हाती पाण्याचा कॅन पाठवला. निरोप असा, की तिला इतक्या वर्षांची या पाण्याची सवय आहे, एकदम मुंबईचं पाणी दिलं तर बुजेल. तिला म्हणजे किडनीला. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. बाहेरचं पाणी बिलकुल चालणार नाही. पुढच्या खेपेला कॅन आला तो उकळून, गाळून, पुन्हा उकळून, आणि तोंडाला फडकं बांधून. तोही परत गेला. सासूबाई त्यावरून डॉक्टरबाईंवर बरेच दिवस नाराज होत्या.

तिसऱ्या महिन्यात आकडा चढला. रक्तातला किडनीचा आकडा, जो दर आठवड्याला बघायचा असतो. आधी थोडा, मग बराच. पोटावर ती जागा दुखायला लागली, लघवी कमी झाली, पाय पुन्हा सुजले. पुन्हा दवाखान्यात भरती केलं, सुई घालून किडनीचा तुकडा काढून तपासला. डॉक्टरबाई पलंगाशी उभ्या राहिल्या. "शरीर तिला नाकारायला लागलंय. इंजेक्शनं सुरू करतोय. बऱ्याचदा यातून परत येते." बऱ्याचदा, असं म्हणाल्या. नेहमी असं नाही.

मी भिंतीकडे तोंड करून पडले. म्हातारीचं पोट फाडलं, एक किडनी घेतली, आणि ती मी फुकट घालवणार. तिची तिच्याकडेही राहिली नाही, माझ्याकडेही नाही. जेवले नाही. पती समजावून थकले आणि त्यांनी घरी फोन केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आल्या. वैशाखऱ्याहून एकट्या. तोंडावर मास्क, तो हनुवटीपर्यंत ओढलेला. सिस्टरनं वर करायला लावला. स्टुलावर बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. हे त्यांच्या बाबतीत इतकं नवीन होतं, की मीच बोलायला लागले.

"आई, मी एकदाही नको म्हटलं नाही."

"काय?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा. एकदा तरी नको म्हणायला पाहिजे होतं. मी लगेच घेते म्हटलं. तुमच्या जिवाचा विचारच केला नाही मी." मग रडू फुटलं. "म्हणून असं झालंय."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता जवळ घेतील. त्या ओरडल्या. अख्ख्या वॉर्डानं ऐकलं.

"आन आता काय करतेयस? तेव्हा नाय म्हटलंस तर आता तुजं अंग नको नको करतंय! कुणी सांगितलं त्याला? घेते म्हणालीस म्हणून दिली मी. तू नको नको करत बसली असतीस तर मला तुला समजावायला लागलं असतं, आन मला ते येत नाय. तू सरळ घेते म्हणालीस. मला बरं वाटलं गो. जगायला बघतेय म्हटलं पोरगी. मेलेल्या मनाच्या बाईला देऊन काय करू मी?"

सिस्टर धावत आली. "आजी, हळू!" सासूबाईंनी तिला हातानं थांबवलं. मग स्टूल पुढे ओढलं आणि चादरीवरून, जिथं ती बसवली होती तिथं, अलगद हात ठेवला. आवाज एकदम खाली आला. माझ्याशी बोलत होत्या की तिच्याशी, मला कळेना.

"परक्या घरात आलीय ती. आपलं माणूस सोडून. बुजणारच. पयल्यांदा सगळ्यांना वाटतं, ही कोण, कुठली, घालवा हिला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू पण आली होतीस. काय येत होतं तुला? पण मी तुला परत आटगावला धाडली का? नांदवली ना? तशी नांदव आता हिला."

मी मान हलवली. त्यांनी हात काढला नाही. सिस्टर इंजेक्शनची बाटली बदलायला आली, तिनं सांगितलं तरी काढला नाही. संध्याकाळची गाडी गाठायची म्हणून उठल्या, तेव्हाच काढला, आणि जाताना जेवणाचं झाकलेलं ताट माझ्या पुढ्यात सरकवून गेल्या. मी जेवले.

पाचव्या दिवशी आकडा उतरायला लागला. इंजेक्शनांनी उतरला, हे मला माहीत आहे. डॉक्टरबाईंच्या हाताला यश आलं. सासूबाईंनाही ते मान्य होतं. "डॉक्टरीणबाय हुशार हाय," त्या म्हणायच्या, "पाण्याचं तेवढं तिला कळत नाय." त्यानंतर पुन्हा तसं झालं नाही. गोळ्या मी आजतागायत वेळेवर घेते, एकही चुकवलेली नाही.

पण दवाखान्यात त्या ओरडल्या तेवढ्यानं माझ्या मनातलं सगळं गेलं, असं नाही. त्या होत्या तोवर त्यांच्याकडे बघताना एक कळ यायची, आणि त्या गेल्यावर तर लोकांच्या बोलण्यानं ती वाढलीच. यंदा संक्रांतीनंतर मुरबाडला एका ओळखीच्या घरी हळदीकुंकू होतं. पंधरा-वीस बायका बसलेल्या. विषय माझ्यावर आला. आता येतोच तो. एक जण हळहळून म्हणाली, "सासूची घेताना जीव कसा झाला असेल गो तुझा! मी असते तर नकोच म्हटलं असतं बाई. म्हाताऱ्या माणसाचं कसं घ्यायचं?" दोघी-तिघींनी माना हलवल्या. माझ्याकडे बघून थांबल्या. अशा वेळी मी खाली बघते, हे सगळ्यांना माहीत आहे.

त्या दिवशी मला काय झालं, कुणास ठाऊक. माझा हात आपोआप पोटावर गेला, उजवीकडे, खाली.

"मी नको म्हटलं नाही," मी म्हणाले. "एकदाही नाही. त्यांनी विचारलं, घेतेस ना, मी म्हटलं, घेते. माझ्या सासूची आहे ती. चांगली नांदतेय."

तिळगूळ वाटणारी यजमानीण ताट हातात धरून तशीच उभी राहिली. माझा आवाज एवढा मोठा आहे, हे त्या बायकांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.